हंडा दुसऱ्यांदा पडतो तेव्हा

परवा गव्हाचा कट्टा आला. इथे भोपाळात पोत्याला कट्टा म्हणतात. मी लग्न होऊन साताऱ्याहून या घरात आले तेव्हा मला या शब्दाचं हसू यायचं. आता मीच दुकानदाराला फोन करून "भैया, शरबती का एक कट्टा" म्हणून सांगते आणि वर दाणा बारीक निघाला तर परत पाठवीन असा दमही देते. हमालाने कट्टा व्हरांड्यात टेकवला, गोणपाटाचा आणि उन्हाळी धुळीचा वास घरात शिरला, आणि सासूबाई आतून म्हणाल्या, "यंदा अर्धाच पुरला असता गं." हा वास आला की लोकांना शेतं आठवत असतील. मला एक सिनेमा आठवतो. विनोदी सिनेमा आहे तो. आणि तो आठवला की माझा अख्खा दिवस वाया जातो.

चैत्र फार सुंदर असतो असं लिहायची पद्धत आहे. असेल. मला नाही वाटत. बाग सेवनियातल्या आमच्या गल्लीत या दिवसांत घरोघरी कूलरची सफाई निघते. वर्षभराची काळी पडलेली खस, म्हणजे वाळ्याच्या जाळ्या, काढून लोक नवी बसवतात आणि ती पहिल्यांदा भिजली की दोन दिवस गार वास येतो, तेवढंच काय ते सुख. समोरचा कडुनिंब पानं गाळून दाराशी कचरा करतो. संध्याकाळी होशंगाबाद रोडच्या पलीकडून धूर येतो, कारण गहू कापून झाला की शेतात उरलेली धाटं पेटवून देतात. त्याला इथे नरवाई जाळणं म्हणतात. मनाई असते म्हणे, पण धूर काही थांबत नाही. वाळत घातलेल्या कपड्यांना तो वास लागतो आणि दुसऱ्या दिवशी अंगाला. एका चैत्रापासून मला तो धूर सहनच होत नाही.

त्या चैत्रात आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे, जिवंत होते. हिंडतफिरत होते, जेवत होते, हसत तर फारच होते. फक्त आम्ही कोण हे त्यांना कळेनासं झालं होतं.

बाबांचे वडील नागपूरचे. नागपूरची राजधानी भोपाळला आली तेव्हा सरकारी फायलींच्या पेट्यांबरोबर सरकारी माणसंही इकडे आली, त्यांतले ते एक. बाबा तेव्हा लहान होते. पुढे तेही सरकारी कचेरीतच लागले आणि चार इमलीतल्या साहेबांच्या बंगल्यांवर फायली पोचवत, सह्या आणत, निवृत्त झाले. माणूस अत्यंत सभ्य. इतका सभ्य की मला कधीकधी वैताग यायचा. दारावर आलेल्या कुरिअरवाल्यालाही "आधी पाणी घ्या" म्हणणार. परक्या बाईशी बोलायचं तर नजर खाली आणि तिच्या नावापुढे ताई. भाजीवाली असो नाहीतर मोठ्या साहेबांची बायको असो, ताई म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य पुढे सरकायचं नाही.

घराची रीत अशी की वर्षाचा गहू चैत्रात भरायचा. वेगवेगळ्या दुकानांतून कागदाच्या पुड्यांत मासला यायचा आणि बाबा खुर्चीत बसून एकेका पुडीतला दाणा दाढेखाली धरून फोडायचे. मग ते एका पुडीवर बोट ठेवायचे आणि तो गहू यायचा. गच्चीवर चादरी अंथरून तो वाळवायचा, पाखडायचा, एरंडेलाचा हात फिरवायचा, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरायचा. त्या वर्षीही मी पुड्या आणल्या होत्या. बाबांनी पहिला दाणा चावला, म्हणाले छान आहे. दुसरा चावला, छान आहे. तिसऱ्या पुडीतले दाणे त्यांनी मूठभर तोंडात टाकले आणि फुटाण्यासारखे खात बसले. मी पुड्या आवरल्या.

विसरणं एकदम आलं नव्हतं. उंदराने पोत्याला खालून लहानसं भोक पाडावं आणि आपल्याला वरून पोतं भरलेलंच दिसावं, तसं ते चाललं होतं. आधी शब्द जायचे, मग रस्ते गेले, मग माणसं. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, त्यांना धाकटा भाऊ वाटायला लागला. मला ते सिस्टर म्हणायचे, कारण गोळ्या मी द्यायचे. मला वाईट वाटायचं, पण मी बाहेरून आलेली. मिलिंद मात्र दर वेळी नव्याने दुखावला जायचा.

राहिल्या सासूबाई. मी त्यांना आई म्हणते, इथेही तेच म्हणते. आईंच्या बाबतीत एक मोठीच पंचाईत होती. बाबांनी त्यांना आयुष्यात कधी नावाने हाकच मारली नव्हती. त्या पिढीत ते नवीन नाही. "अगं", "ऐकलंस का", फार तर "मिलिंदची आई". फोनवर कोणी विचारलं तर "आमच्या घरी बरं नाहीये", म्हणजे आईंना ताप आहे. मी लग्नानंतर आठवडाभरातच गच्चीवरून खाली रस्त्यात "मिलिंद" अशी हाक मारली होती, तेव्हा आई पोळी लाटता लाटता थबकल्या होत्या आणि बाबांनी पेपर वर धरला होता. मला त्या दोघांची गंमतच वाटली. गंमत आणखी अशी की आईंचं नाव बाबांनीच ठेवलेलं. माहेरच्या त्या विमल. लग्नात ताम्हणात तांदूळ पसरून बाबांनी त्यात अंगठीने लिहिलं, अनुराधा. ते नाव त्यांनी स्वतः निवडलं होतं. मग घरातल्या सगळ्यांनी ते वापरलं. सासूने वापरलं, सासऱ्याने वापरलं. ज्याने ठेवलं त्याने नाही.

त्यामुळे बाबा आईंना ओळखतात की नाही, हे कोणालाच सांगता येईना. ते अजूनही "अगं" म्हणत होते. आई ओ देत होत्या. चाललं होतं.

पाडवा झाला आणि आम्ही बाबांना एम. पी. नगरातल्या एका डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. त्यांनी महिना विचारला. बाबांनी ऑगस्ट सांगितलं. राज्य विचारलं तर बाबा ताठ बसून म्हणाले, मध्य प्रांत. डॉक्टरांना ते नागपूरच्या काळातलं जुनं नाव कळलं नाही, त्यांना वाटलं मध्य प्रदेशच म्हणताहेत, आणि ते उत्तर बरोबर धरलं गेलं. मग त्यांनी विचारलं, "पत्नी का नाम?"

बाबांनी नजर खाली घातली आणि किंचित हसले. कोणी बायकोविषयी विचारलं की ते असेच हसायचे, तरुणपणापासून. डॉक्टर थांबले. बाबा हसतच राहिले. शेवटी आई मागच्या खुर्चीतून म्हणाल्या, "वो नाम नहीं लेते मेरा."

"नहीं लेते, माताजी," डॉक्टरांनी विचारलं, "या याद नहीं है?"

आईंनी पदर सारखा केला आणि भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे बघत बसल्या. खरं तर तेवढं एकच उत्तर त्यांनाही हवं होतं. येताना रिक्षात त्या मला म्हणाल्या की आमच्यात नाव घ्यायची पद्धतच नाही, त्या पोराला काय कळणार. मी हो म्हटलं. उतरताना बाबांनी त्यांचा हात धरला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर केवढी तरी आशा आली. बाबांनी पाठोपाठ रिक्षावाल्याचाही हात धरला होता.

आता सिनेमा. त्याचं नाव मी देत नाही, कारण त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. आई-बाबांचं नवीन लग्न झालं होतं तेव्हा इथल्या मराठी मंडळाने एका रविवारी सकाळी थिएटरात त्याचा खेळ ठेवला होता. एरवी मराठी सिनेमा कुठला दिसायला इथे, त्यामुळे झाडून सगळी मराठी कुटुंबं डबे घेऊन आली होती. गोष्ट अशी: एका हेडक्लार्कच्या डोक्यात माळ्यावरून पितळी हंडा पडतो आणि तो सगळं विसरतो. आपलं लग्न झालंय हेही विसरतो. मग तो स्वतःच्याच बायकोला बघायला जातो, पोहे खातो, तिच्या प्रेमात पडतो, आणि ती बिचारी डोळे पुसत पुसत नवऱ्याकडून मागणी घालून घेते. शेवटी त्यांचं पुन्हा लग्न लागत असतं. मांडवात भांड्यांची उतरंड रचलेली असते. तिच्यावरचा तोच हंडा दुसऱ्यांदा त्याच्या डोक्यात पडतो, आणि हा उठून बसतो तो सगळं आठवूनच. साहेबांना हाक मारतो, सासूला, दूधवाल्याला, एकेकाचं नाव घेत मांडवभर नाचतो. मग बायकोसमोर उभा राहतो. सगळे गप्प. आणि तो तिचं नाव घेतो, घसा फाडून. बँड वाजायला लागतो आणि पाटी येते, समाप्त.

खेळ संपल्यावर दोघं पायी घरी निघाले. रस्त्यात कोणी नव्हतं. आईंनी धीर करून म्हटलं, तुम्हीपण एकदा घ्या ना तसं. बाबांचे कान लाल झाले. म्हणाले, काहीतरीच, घेईन कधीतरी. हे आईंनी मला मटार सोलता सोलता सांगितलं होतं, हसत हसत. "कधीतरी म्हणाले होते," असं दोनदा म्हणाल्या. मी तेव्हा ते मनावर घेतलं नाही.

त्या चैत्रात मिलिंदने कुठून तरी तो सिनेमा मिळवला आणि टीव्हीवर लावला. बाबांना इतका आवडला की मग रोज दुपारी जेवण झालं की तोच. कूलरचा आवाज मोठा, म्हणून टीव्हीचा त्याहून मोठा. बाबा रोज पहिल्यांदा बघितल्यासारखे हसायचे. हंडा पडला की टाळी. पोहे खाताना नायकाला ठसका लागला की पोट धरून हसणं. आई खाली सतरंजीवर सूप घेऊन गहू निवडत बसायच्या. आणि शेवट जवळ आला, उतरंडीवरचा हंडा हलायला लागला, की त्यांचा हात थांबायचा. त्या पडद्याकडे बघायच्या नाहीत. बाबांकडे बघायच्या.

मला त्या शेवटाचा इतका संताप यायला लागला की सांगता सोय नाही. एकदा मी मुद्दाम आधीच टीव्ही बंद केला, लाइट गेली म्हणून सांगितलं. वर पंखा चालूच होता. बाबांच्या ते लक्षात आलं नाही, आईंच्या आलं. "लाव गं," त्या एवढंच म्हणाल्या. मी लावला. माणसाला काय काय बघायला बसावं लागतं. विनोदी सिनेमात जे जातं ते एका टोल्यात जातं आणि एका टोल्यात परत येतं, मध्ये सगळे मजा करतात. आमच्याकडे माळ्यावर तीन हंडे होते. ते चोख बांधून ठेवलेले होते, कधी पडले नाहीत.

आईंना अजून त्या "अगं"चा आधार होता. तोही गेला. आमच्याकडे कामाला कमला येते. एका सकाळी ती फरशी पुसत होती आणि बाबा तिला म्हणाले, "अगं, पाणी आण." अगदी त्याच सुरात. लाडिक नाही, रागाचा नाही, वर्षानुवर्षं मुरलेला तो सूर. कमलाने पाणी आणून दिलं, तिला काय त्याचं. मी वळून पाहिलं तर आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे तव्यावरची पोळी करपत होती. मी गॅस बंद केला. त्यांनी ती काळी पोळी स्वतःच्या ताटात वाढून घेतली आणि खाल्लीही. त्या दिवसापासून "अगं" ऐकलं की त्या आधी इकडेतिकडे बघायच्या, आणखी कोणी आहे का म्हणून, आणि मग उठायच्या.

मग ती दुपार आली. वेगळं काही नव्हतं. हंडा पडला, नायक उठला, साहेब, सासू, दूधवाला सगळे झाले. त्याने बायकोचं नाव घेतलं, बँड सुरू झाला. बाबांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं. ते त्यांनी बाहीने पुसलं आणि थिएटरात शेजारच्या खुर्चीकडे वळावं तसे आईंकडे वळले.

"तुमचं नाव काय हो?"

तुमचं. मी गोळ्यांचा डबा घेऊन उभी होते, तो मी तसाच धरून ठेवला.

आईंचा हात सुपात होता. "अनुराधा," त्या म्हणाल्या.

"अनुराधा." बाबांनी ते तोंडात घोळवून बघितलं, पूर्वी गव्हाचा दाणा बघायचे तसं. "छान नाव आहे. कोणी ठेवलं?"

आईंनी सूप बाजूला सारलं. मला वाटलं आता त्या उठून आत जातील.

"आमच्या यांनी," आई म्हणाल्या.

"हौशी माणूस दिसतोय," बाबा म्हणाले. मग सोफ्यावर थोडे सरकून त्यांनी जागा केली. "खाली का बसलात? वर बसा ना, अनुराधाताई."

आई उठल्या आणि बाबांच्या शेजारी सोफ्यावर बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तिथे बसलेलं पाहिलं नव्हतं. त्या रडल्या नाहीत. मीच आत जाऊन रडले, गोळ्यांचा डबा फ्रिजवर ठेवून.

संध्याकाळी मिलिंद ऑफिसातून आला. तेव्हा बाबा "अनुराधाताई, चहात साखर कमी" म्हणत होते. त्याचा चेहरा उतरला. तो बाबांच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसला आणि लहान मुलाला समजवावं तसं सांगायला लागला की बाबा, ही ताई नाही, ही तुमची बायको आहे, माझी आई, आठवा बरं. बाबा गोंधळले. त्यांनी आईंकडे बघितलं आणि घाबरून माफी मागितल्यासारखे हात जोडले. मिलिंद पुन्हा सांगायला लागला तेव्हा आईंनी त्याला अडवलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "आठवलं तर परत नाव घेणं बंद करतील."

मिलिंद उठून गच्चीवर गेला. मी भाजीला फोडणी घातली. त्या एका वाक्यापुढे त्या सिनेमाचा सगळा मांडव, बँड, नाच, काय होता? त्याला आठवलं म्हणून त्याने नाव घेतलं. इथे विसरल्याशिवाय ते घेतलंच जाणार नव्हतं. आणि आईंनी ते तसं, ताई लावलेलं, परक्या बाईचं म्हणून दिलेलं, पदरात घेतलं. मला त्यांचा अभिमान वाटला असं मी लिहू शकते, पण खोटं होईल. मला भयंकर वाटलं. अजून वाटतं.

कारण ते फुकट नव्हतं. बाबा सभ्य होते म्हटलं ना, ती सभ्यता ते विसरले नव्हते. परकी बाई दिवसभर घरात, हे त्यांना अवघड व्हायचं. ऊन उतरलं की ते अस्वस्थ व्हायला लागायचे. दाराशी जाऊन बघायचे, परत यायचे, आणि मग नजर खाली घालून म्हणायचे, "अनुराधाताई, तुमच्या घरचे वाट बघत असतील. अंधार पडायच्या आत निघा." पहिल्या दिवशी आईंनी टाळलं. तेव्हा बाबा इतके कासावीस झाले, लोक काय म्हणतील म्हणून हात चोळायला लागले, की आई चपला घालून "निघते मी" म्हणाल्या आणि फाटकाबाहेर पडल्या. बाबा फाटकापर्यंत पोचवायला गेले. कडी लावून घेतली आणि समाधानाने खुर्चीत बसले.

मग रोजच तसं ठरलं. ऊन कलायचं, धूर यायला लागायचा आणि आई स्वतःच्या घरातून निरोप घेऊन निघायच्या. कॉलनीतल्या मंदिरामागच्या बाकावर बसायच्या. एक दिवस मी मागोमाग गेले. शेजारच्या गुप्ताआंटी त्यांना म्हणत होत्या, अरे वा, रोज घूमने लगी हैं आजकल. आई हो म्हणाल्या, डॉक्टरांनी सांगितलंय. मला बघून त्यांनी बाकावर जागा केली. आम्ही दोघी नाकाला पदर लावून बसलो. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "आपल्याच घरून निघून राहिले गं मी रोज." मी त्यांचा हात धरला, दुसरं काय करणार. दिवे लागले की त्या मागच्या दाराने स्वयंपाकघरात यायच्या आणि बाबांचं पान माझ्या हातून बाहेर पाठवायच्या. त्यांचं अंथरूणही बाबांच्या खोलीतून आमच्या मुलीच्या खोलीत आलं, कारण बाबांना तिथे परकी बाई चालली नसती.

सकाळी मात्र त्या पुढच्या दाराने यायच्या, बेल वाजवून. बाबांचा चेहरा उजळायचा. "या या, अनुराधाताई." तेवढ्यासाठी आई न्हाऊन, वेणी घालून, बरी साडी नेसून यायच्या. मी दार उघडायचे आणि मला रोज वाटायचं की कुठे जाऊन डोकं आपटावं.

गहू वाळत घातला होता ते दिवस. बाबांना जिना चढता येत नसे. आई वर गच्चीवर गेल्या की ते जिन्याच्या पायथ्याशी उभे राहून कठड्याला धरून हाक मारायचे, "अनुराधाताई!" वरून आई "ओ" द्यायच्या. पण लगेच खाली यायच्या नाहीत. हातातला एरंडेलाचा गहू तसाच धरून थांबायच्या. बाबा पुन्हा हाक मारायचे. मग पुन्हा ओ. मी शेजारी बसून चादरीचं टोक ओढत राहायचे आणि त्यांच्याकडे बघायचं टाळायचे. काम काही नसायचंच बाबांचं. आई खाली गेल्या की ते म्हणायचे, काही नाही, आहात की गेलात ते बघितलं.

सिनेमा समाप्तच्या पाटीला थांबतो, हे सिनेमावाल्यांना बरोबर कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो हेडक्लार्क कचेरीत गेला असेल, संध्याकाळी येऊन "अगं, चहा" म्हणाला असेल आणि तिचं नाव पुन्हा घेतलं नसेल, याची मला खात्री आहे. पण हे मी मनाची समजूत घालायला म्हणते. तिचा नवरा तिला ओळखत होता. आईंना तेवढंही मिळालं नाही.

पावसाळ्यात बाबांचं बोलणं गेलं. आधी ताई गेलं, मग नाव, मग आवाजच. गणपती बसायच्या आधी ते वारले. आई तेव्हा त्यांच्या खोलीत परत राहायला आल्या होत्या, कारण आता बाबांना कोणाचीच हरकत नव्हती. त्या चैत्रात भरलेला गहू आम्ही त्यांच्या मागे वर्षभर खाल्ला. पोळ्या चांगल्या व्हायच्या. त्या वर्षी मासला मीच चावून निवडला होता.

त्यानंतर या घरात अनुराधा हे नाव ऐकू आलं नाही. मी आई म्हणते, मिलिंद आई म्हणतो, मुलगी पुण्याहून फोन करते ती आजी म्हणते. गल्लीत त्या आंटीजी. त्यांची नणंद होती ती वहिनी म्हणायची, तीही गेली. गॅसवाल्याकडे नंबर बाबांच्या नावावर. बँकेत वर्षातून एकदा कोणी तरी आडनावासकट पुकारतं, तेव्हा त्या चटकन उभ्या राहतात.

काल दुपारी टीव्हीवर वाहिन्या बदलता बदलता तोच सिनेमा दिसला. पोहे खाण्याचा प्रसंग चालू होता. मी रिमोटचं बटण दाबणार, तोच आई म्हणाल्या, असू दे. सोफ्यावर त्यांच्या शेजारची जागा मोकळी होती. आम्ही दोघी बघत राहिलो, कोणी हसलं नाही. मांडव आला. उतरंडीवरचा हंडा हलायला लागला तशा आई उठल्या आणि गव्हाला ऊन लागतंय का बघते म्हणून गच्चीवर गेल्या. मी टीव्ही बंद केला आणि कडुनिंबाचा पाला घेऊन मागोमाग गेले.

गच्ची चांगलीच तापली होती. आई टाकीच्या सावलीत बसून गव्हात हात फिरवत होत्या. दूर शेतांकडे धूर दिसायला लागला होता. मी चादरीच्या दुसऱ्या टोकाला बसले.

"मला एकदा नावाने हाक मार गं," आई म्हणाल्या.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. भर रस्त्यात नवऱ्याला नावाने हाका मारणारी मी, माझी जीभ उचलेना. सासू आहे माझी. तोंडातून आईच येत होतं. आई थांबल्या होत्या, हातात गहू धरून.

"अनुराधाताई," मी म्हटलं.

"ओ," त्या म्हणाल्या. माझ्याकडे पाठ करून, जिन्याच्या दाराकडे बघत. उठल्या नाहीत.

मग मी पुन्हा हाक मारली.